विजेच्या ओळीत एक कमी

आमची माणसं मैसुरात कधी आली ते कोणालाच नीट ठाऊक नाही, सासरे म्हणत, विठ्ठलाची मूर्ती आणि कात्री एवढंच घेऊन आलो, बाकी सगळं इथलं, भाषासुद्धा निम्मी इथली. मी एच. डी. कोटे गावची, लग्न होऊन चामराजपुरमच्या घरी आले आणि मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात यांच्या शेजारी बसून काजं करू लागले. हे म्हणायचे, तुझं काज बघून बटण आपणहून आत शिरतं, अल्वा, हो ना? मी म्हणायची, माझ्याकडे नको, इस्त्रीकडे बघा.

काय सांगू तुम्हाला, आम्हा शिंप्यांची खोडच ती, फाटलं की टाकायचं नाही, शिवायचं. इस्त्रीची वायर एका जागी सोलली होती, आतलं तांबं दिसत होतं. हे म्हणाले, नवी आणतो. मी म्हटलं, कशाला, आणि अस्तराची पट्टी घट्ट गुंडाळून वरून बारीक टाके घातले, इतके सुबक की हे हसले. कापड पाणी पितं, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं, तरी माझ्या मनात आलं नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. लग्नाचा कोट होता, यांनी पाणी शिंपडलं, ओल्या हातानं वायर बाजूला सारली आणि बसावं तसे खाली बसले. आवाज नाही. लोकर करपल्याचा वास तेवढा आला.

घरी आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, अपघात म्हटलं की पोस्टमॉर्टमला नेऊन कापतील, मग गोणीसारखं शिवतील, जन्मभर सुबक शिवणाऱ्या माझ्या लेकाला, ते नको, साकु, म्हणजे पुरे, छातीत दुखलं म्हणायचं. यांच्या तळहातावर काळा डाग होता, मी मूठ मिटली आणि धरून बसले. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी दुखत होतं का. मी म्हटलं, हो, सकाळपासून. त्यांनी हृदय लिहिलं. पट्टी मी त्याच संध्याकाळी उसवली. ती मी शिवलेली, हे सासूबाईंनाही कधी सांगितलं नाही, आता त्याही नाहीत.

दरवर्षी पेपरात देशाचे आकडे येतात, रस्त्यावर किती गेले, पाण्यात किती, विजेनं किती. मी विजेच्या ओळीवर बोट ठेवते. तिथे एक कमी आहे, दुसरीकडे हृदयाच्या ओळीत एक जास्त आहे, हे साऱ्या देशात मला एकटीला ठाऊक.

परवा सरकारी मोजणीची मुलगी दारात आली, अज्जी, घरात कोणी वारलं का, कशानं? मी म्हटलं, माझे यजमान, विजेच्या धक्क्यानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. तिनं लिहिता लिहिता विचारलं, कधी? मी सांगितलं, तिचं पेन थांबलं. अज्जी, आमच्या फॉर्मात अलीकडचेच मृत्यू घेतात, इतकं मागचं नाही चालत. मी बरं म्हटलं, तिला पाणी दिलं.

तुम्ही माझी ही गोष्ट लिहून घेताय ना, मग वीज लिहा, आणि पट्टीवरचे टाके माझे, तेही लिहा. आता उठा, ऊन चढतंय. देव तुम्हाला सुखात ठेवो, आणि घरी इस्त्रीची वायर सोलली असेल तर फेकून द्या, शिवू नका.