आख्खी गल्ली जळगावात

पोलीस दाखल्याच्या खिडकीपुढं नवीन नावाचा पोरगा रांगेत कधीचा ताटकळत होता. पुढची वच्छलाबाई काही हलेना.

"मावशी, आमचा माणूस चोपड्याला तुमच्या गल्लीत जाऊन आला. रत्ना नावाचं इथं कोणी नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं त्याला."

"मनी पोर तठे कशी सापडी साहेब? ती आयर्लंडमा नर्स शे."

"अहो, ओळखतच नाही म्हणाले! मग तिच्यावर गुन्हा नाही, असा दाखला मी कसा देऊ?"

"दाखला नही गया ते तिनी नोकरी जाई. म्हनीसन गल्ली लई उनू ना."

"काय आणलं?"

"मांगे देखा."

नवीननंही मागं पाहिलं. दारापासून जिन्यापर्यंत बाया, म्हातारे, लुगडी, टोप्या.

"हाऊ भिकनभाऊ. पहिलं खोटं यानीच सांगं."

"हा साहेब, मीच सांगं. मना बाप खाटवर पडेल व्हता, तवय रोज येईसन सुई तिनीच दिधी. तिनं नाव पोलिसले देऊ का मी?"

"आबा, तिच्या भल्यासाठीच विचारत होतो आम्ही!"

"आम्हना गल्लीमा पोलीस भल्यासाठे कवय उना? एक डाव सांगा!"

खिडकीतल्या माणसानं कोरा कागद पुढं ओढला. नवीन बाजूला सरला.

"या आबा, तुम्ही पुढं या."

"बरं आबा, आता सांगा," खिडकीतून आवाज आला. "रत्नाला ओळखता ना?"

भिकननं आधी वच्छलाबाईकडं पाहिलं.

"अक्का, सांगू का?"