गाठ मारलेला केक

…आणि वर मलाच विचारतात, ‘आजी, पण गाठ कशाला मारलीत?’ अहो, मारली. खाऊ बांधून नेताना माणूस गाठ नाही मारत तर काय शिवण घालतो? तुम्हाला सांगते, मी अजून सावरले नाहीये. डोळे मिटले की ती गोल काच दिसते, आणि काचेमागे माझे मनुके, गरगर, गरगर…

थांबा, नीट सांगते. मी हॉस्पिटलच्या तळघरात कामाला आहे, धुलाईखात्यात. वरच्या वॉर्डांतले कपडे खाली येतात, ते निवडायचे. चादरी इकडे, डॉक्टरांचे कोट तिकडे. आणि आमच्यात पद्धत अशी, की ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा, तोही घरी केलेला. आता माझा वाढदिवस कुणाला ठाऊक? मलाच नाही. आई म्हणायची, तू झालीस त्या दिवशी घराचं छप्पर उडालं. छप्पर उडाल्याची तारीख कोण ध्यानात ठेवतं? त्यामुळे माझी पाळी कधी आलीच नाही, आणि मी आपली सगळ्यांचे केक खात राहिले. चांगले जाडजाड तुकडे, खोटं कशाला बोलू.

तर आमच्यात एक इस्त्रीवाली आहे. तिला सगळे कडकबाई म्हणतात, कारण तिनं इस्त्री केलेला कोट जमिनीवर ठेवला तर स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि तिचं बोलणंही तसलंच. परवा सगळ्यांदेखत म्हणते कशी, ‘आजींचं बरंय हो. खायला सगळ्यांचे वाढदिवस, आणायला एकही नाही.’ सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले, पण हातातला तुकडा परत बशीत ठेवला. जन्मभर कष्टाचं खाल्लं आणि आता या वयात फुकटखाऊ म्हणून नाव पडायचं? तिथल्या तिथे जाहीर केलं, शुक्रवारी माझा वाढदिवस. कुणी पुरावा मागितला नाही.

घरी येऊन सुनेला म्हटलं, तुझ्या त्या ओव्हनमध्ये मला केक करायचाय, फळांचा, पावासारखा लांब असतो ना, तो. ती म्हणाली, ‘सोपाय आई, आधी मनुके चहात भिजत घाला.’ चहात? अहो, माझं आयुष्य चहाचे डाग काढण्यात गेलं, चहाचा कप दिसला की माझा हात साबणाकडे जातो, आणि ही म्हणते मनुके, जर्दाळू, संत्र्याच्या साली, सगळं चहात बुडवा. बुडवलं. मग लोणी. मी चमचाभर काढलं तर हिनं अख्खी वडीच ढकलली. म्हटलं, अगं, केक करतेस की पैलवानाला मालिश? मग म्हणे फळं कोरड्या पिठात घोळवा, नाहीतर तळाशी जाऊन बसतात. एकेक मनुका न्हाऊमाखू घातलेल्या लेकरासारखा पावडर लावून तयार केला मी.

मग स्टूल घेऊन ओव्हनसमोर बसले. तो फुगला, आणि फुगता फुगता मधोमध तडकला. मी ओरडले, ‘गेला गं, फुटला.’ सूनबाई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, ‘आई, तो फुटतोच. फुटला म्हणजे झाला.’ आणि वास काय सुटला म्हणता, लोण्याचा, दालचिनीचा… शेजारीण मीठ मागायला आली, ती मीठ विसरून दारातच नाक वर करून उभी. पण कुणाला कणभरसुद्धा दिला नाही. नात रडली, तरी नाही. अख्खाच न्यायचा होता ना मला, कडकबाईच्या नाकासमोर कापायचा होता. एवढा लांब डबा घरात सापडेना, म्हणून उशीच्या धुतलेल्या पांढऱ्या अभ्र्यात घातला आणि वर घट्ट गाठ मारली.

आता इथं कान द्या. आमच्या खात्याचा नियम आहे, गाठ मारलेलं गाठोडं उघडायचं नाही. आत साथीच्या आजाऱ्याचे कपडे असतात, ते न उघडता मशीनच्या पोटात ढकलायचं, गाठ आत आपोआप सुटते. आणि हा नियम कडकबाईला शिकवला कुणी? मी. नवी होती तेव्हा हातावर चापट मारून शिकवला.

शुक्रवारी मी आले, गाठोडं टेबलावर ठेवलं आणि बशा आणायला आत गेले. एवढंच. बशा पुसतेय तोवर मागं मशीनची घरघर. बाहेर येऊन बघते तर टेबल लख्ख रिकामं, आणि शेजारी कडकबाई उभी, हसत. ती बाई हसते हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, ‘आज तुमचा दिवस ना आजी, म्हटलं तुमचं काम आपणच उरकावं. बसा तुम्ही निवांत.’

‘अगं, इथलं गाठोडं?’

‘टाकलं की. अजिबात उघडलं नाही, तुम्ही शिकवलंय तसंच.’

तुम्हाला सांगते, मी अजून सावरले नाहीये. त्या मशीनचं दार एकदा बंद झालं की धुणं संपेपर्यंत देवालाही उघडत नाही. आम्ही सगळ्या काचेला नाक लावून उभ्या. आधी अभ्रा दिसला, मग गाठ सुटली, मग पाणी तपकिरी झालं, आणि मग एकेक मनुका काचेला येऊन चिकटायला लागला, जसा काही निरोप घ्यायला. कडकबाई पांढरीफटक. मी ‘अगं, अगं’ म्हणत काचेवर थापा मारत होते.

आवाज ऐकून सुपरवायझर बाई आल्या. धुणं बाहेर काढलं, तर चादरींच्या घडीघडीतून काळंतपकिरी काहीतरी गळतंय. त्या किंचाळल्या, ‘मागे व्हा सगळ्या, हा कसला रोग आलाय?’ मी सांगतेय, बाई, रोग नाही, केक आहे, पण ऐकतो कोण. वरून डॉक्टर बोलावले. ते तोंड बांधून, हातमोजे घालून आले, चिमट्यानं एक गोळी उचलली, उजेडात धरली, उलटसुलट केली, शेवटी वास घेतला आणि म्हणाले, ‘मनुका आहे. आणखी आहेत का?’

आहेत ना, सत्तर चादरींत आहेत.

मग जेवणाच्या सुट्टीत पंचायत बसली, आजींची पाळी झाली असं धरायचं की नाही. दोघीतिघी म्हणाल्या, धरू या, बिचारीनं केला तर होता. तेवढ्यात कडकबाई उठली. मला वाटलं, हिनंच धुतलाय, निदान ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, ‘पोटात गेला नाही तो केक कसला? पुढच्या शुक्रवारी परत आणा. आणि आजी, राग मानू नका, पण या वेळी जरा कोरडा करा.’