बर्फाचं वाण

— नाही नाही, तुम्ही बसा दादा, आधी तो टाय सैल करा, मे महिन्यात नाशकात टाय घालून फिरणारे एक तुम्ही नाहीतर कोर्टातले वकील. पंखा फुल्लच आहे, एवढाच फिरतो तो. पप्पा येतीलच, निमाणी स्टँडला गेलेत नानांना आणायला. नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, वणीला असतात — आमच्याकडे फ्रीज घ्यायचा तरी नाना एसटीनं येणार, दुकानात त्या फ्रीजचं दार चारदा उघडून बघणार आणि मग मान हलवणार, तेव्हा घर पुढं सरकतं. तुम्ही तर बर्फाचा पास विकायला आलाय, नानांशिवाय पप्पा सही करतील का? मी? मी दिनेश, धाकटा. मला विचारून उपयोग नाही. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलाय मी, त्यामुळं माझ्या मताला या घरात किंमत म्हणजे — तो कोपऱ्यातला स्टॅबिलायझर दिसतोय ना, जुना फ्रीज भंगारात गेला आणि तो तेवढा राहिला, धूळ पुसतात अधूनमधून — तेवढी.

दाखवा बघू ते चकचकीत कागद पुन्हा. चार ठिकाणं, एक पास. औली, गुलमर्ग, सोलंग, नारकंडा. अख्खा सीझन कुठंही जा, कितीही घसरा. छान आहे. ही फोटोतली बाई हसतेय ती पडायच्या आधी की नंतर? विचारतो आपलं. कारण आमच्या घराण्यात बर्फाशी संबंध आलेला माणूस एकच, आई, आणि तीही फ्रीजर साफ करताना. बाकी घसरण्याचा अनुभव भरपूर आहे, नाना गडाच्या पायऱ्यांवर घसरलेत, पप्पा मोरीत. त्यासाठी कोणी पास मागितला नव्हता.

नानांना मी फोनवर समजावत होतो, स्की म्हणजे काय, पायाला फळ्या बांधून उतारावरनं यायचं वगैरे. त्यांना त्या फळ्यांचं काही नाही. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी आपल्या एसटीचा आवडेल तेथे प्रवासचा पास असतो, तसंच हाय ना?" म्हटलं, तसंच. मग खूश झाले, कारण तो पास त्यांनी एकदा काढला होता, स्वतःचा आणि काकूचा. ते ऐकाच तुम्ही, तुमच्या धंद्यात कामाला येईल. पास वसूल झाला पाहिजे म्हणून नाना उतरलेच नाहीत कुठं. नागपूरला पोचले, स्टँडवर चहा घेतला, समोर सोलापूरची गाडी लागली होती, तिच्यात बसले. सोलापूरहून कोल्हापूर. काकू म्हणाली, अहो, कोल्हापूर आलंय, देवीच्या पाया पडून येऊ. तर म्हणे, उतरलं की टाईम जातो, पास बुडतो. काकूचे पाय खांबासारखे सुजले, घरी आल्यावर कितीतरी दिवस चपला घालता येईनात. पण पास वसूल. अजून लग्नकार्यात सांगतात, अख्खा महाराष्ट्र पाहिला म्हणून. काकू शेजारी बसलेली असते. पाय चोळत.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ डिसेंबरात आणि पास मे महिन्यात कशाला — नाही म्हणणार तुम्ही, तुमचं टार्गेट असेल, पण मी सांगतो. यंदा धोंड्याचा महिना आलाय. तीन वर्षांनी एकदा कॅलेंडरात जास्तीचा महिना येतो आणि तो अख्खा जावयाच्या ताटात पडतो. धोंडे करायचे, अनारसे तळायचे, जावयाला पाटावर बसवायचं, शेजारी मुलगी, लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून ओवाळायचं आणि हातात वाण द्यायचं. लोक चांदीचा दिवा देतात, ताट देतात. आमच्या पप्पांना चांदी जुनाट वाटली. पाईपांचं दुकान आहे ना दिंडोरी नाक्याला, तिथं कोणीतरी तुमच्या कंपनीचं पोस्टर लावून गेलं, बस. रविवारी दाजी येणार जेवायला, पुण्याहून. तेव्हा हातात चांदी नाही, थेट हिमालय.

बरं, दिवस कसे चाललेत बघा. दाजी कॉम्प्युटर कंपनीत, तिथं दर महिन्याला कोणाची ना कोणाची नोकरी जाते, टेबलावरची कुंडी घरी येते. विमानाचं म्हणाल तर कुठं युद्ध पेटेल आणि कुठलं आकाश बंद होईल, कोणी सांगावं. काश्मीरला जायचं तर आई आत्तापासून नवस बोलायला लागलीय. आणि बर्फ — मी व्हिडिओ पाहिलेत दादा, जानेवारीत लोक पिवळ्या गवतावर फळ्या घेऊन उभे, कोणी येतंय का वरून बघत. तुमच्या कागदावर खाली आहेच ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात — हवामानाची जबाबदारी कंपनीची नाही. बरोबर आहे. ताईच्या लग्नात भटजीही असंच काहीतरी पुटपुटले असणार, संस्कृतमध्ये असल्यामुळं आम्ही अक्षता टाकल्या.

ताई म्हणजे स्नेहल, माझी मोठी बहीण. गच्चीवर आहे. पासावर तिचंच नाव येणार. आणि हा पुढचा नियम तर मी दोनदा वाचला — जोडी-पास. दोघांनी मिळूनच वापरायचा, एकट्याला चालणार नाही, दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, रद्द होणार नाही. हे लिहिताना तुमच्या साहेबांनी नानांचा सल्ला घेतला होता का?

घ्या, चहा घ्या, गार होतोय. साखर जास्त आहे, जावई यायचे असले की आईचा हात आपोआप सैल होतो.

आमचे दाजी वाईट नाहीत हं. हीच तर अडचण आहे. वाईट असते तर सोपं होतं. मारत नाहीत, पीत नाहीत, सुपारीसुद्धा खात नाहीत. ते फक्त बोलत नाहीत. म्हणजे बोलतात — मित्रांशी, ऑफिसात, त्यांच्या आईशी तर फोनवर तासतासभर. ताईशी नाही. बेडरूममधनं हॉलमध्ये व्हॉट्सॲप करतात. "जेवण." "एसी." "उद्या लवकर." मी बघितलंय, मी गेलो होतो ना तिला आणायला, मुराळी म्हणून — कॉलेज सोडलेला भाऊ घरात असला की मुराळी आयताच मिळतो. तर मी सोफ्यावर, ताई समोर भाजी निवडतेय, तिचा मोबाईल वाजला. तिनं बघितला आणि उलटा ठेवला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं वाचला. आतून मेसेज होता, "भाऊ कधी जाणार."

लग्नाला चार वर्षं झाली तिच्या. आईनं एकदा, भीत भीत, पप्पांच्या कानावर घातलं. पप्पा म्हणाले, "भांडत नाही ना? मग झालं तर." नानांना कळलं, तर नाना म्हणाले, कमी बोलणारा माणूस म्हंजी सोनं. हे कोण म्हणतंय, तर जो माणूस एसटीत कंडक्टरला झोपू देत नाही. आणि मग या दोघांनी डोकं लावून उपाय काढला, तो म्हणजे तुम्ही. हे बघा, तुमच्या कागदावर हा दोरीवरचा पाळणा आहे ना, दोघांनी बसून डोंगरावर जायचा — नानांनी मला त्याचा फोटो पाठवायला लावला. म्हणाले, "वर लटकल्याव कोणाशी बोलंल तो? बायकोशीच बोलंल. खाली दरी हाय." आमच्या घरातलं समुपदेशन हे. दरी दाखवायची.

हसू नका. म्हणजे हसा, पण हळू, वर ऐकू जातं.

येताना वर बघितलं होतं का तुम्ही? तारेवर काय वाळतंय? स्वेटर. बरोबर. तीन स्वेटर, एक शाल, एक कानटोपी. या उन्हात, जिथं डांबर चपलेला चिकटतंय. ते ताईनं आणलेत पुण्याहून. दोन बॅगा होत्या, उचलताना माझा खांदा निखळायची वेळ आली, मी म्हटलं, काय गं, दगड भरलेस का. घरी आईनं बॅग उघडली तर वरच्या थराला हे. आणि आमच्या थोर माणसांनी काय अर्थ काढला — पोरीला थंड हवेची हौस दिसतेय, नवऱ्याला सांगता येईना बिचारीला, म्हणून स्वेटर घेऊन आली, आपल्याला सुचवतेय. खोटं नाही सांगत. पप्पांनी इथूनच, या खुर्चीतून वणीला फोन केला. दोघं भाऊ इतके खूश, जसं काही कोडं सुटलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीला फोन.

अहो, महिनाभरासाठी माहेरी येणारी बाई मे महिन्यात स्वेटर कशाला भरेल? तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले दिसता. जी दिवाळीला इथंच असणार आहे ती भरेल. जी संक्रांतीला इथंच असणार आहे ती.

ती मला काही बोलली नाही. कोणालाच बोललेली नाही. बसमध्ये नारायणगाव गेलं, संगमनेर गेलं, ती खिडकीतनं बघतेय, मी मोबाईलमध्ये. सिन्नरचा घाट उतरल्यावर एकदम म्हणाली, "दिन्या, नाशकात थंडी अजून पडते का रे, आपल्या लहानपणासारखी?" मी म्हटलं पडते की, निफाडकडं तर द्राक्षाच्या पानावर दव गोठतं, शेकोट्या लावतात बागेत. म्हणाली, बरं. बस एवढंच. मग झोपली, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. तिला असं झोपलेलं मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

तर हे असं आहे.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं, तुम्ही बर्फ विकायला आलेला माणूस. तुम्ही गप्प बसता म्हणून. पप्पांना सांगता येत नाही का? येतं की. मी डिप्लोमा सोडला तेव्हा पप्पा काय म्हणाले होते माहितीये, "अर्ध्यात सोडायचं आपल्या घराण्यात नाही." नाना त्यासाठीही आले होते एसटीनं. आता त्यांना कसं सांगू की तुमची थोरलीही — एका घरात एक ड्रॉपआऊट कसाबसा खपतो, पाहुण्यांना सांगतात, बिझनेस बघतोय. दुसरी कुठं ठेवायची? आणि त्यात हा पास. एकदा दोघांच्या नावचा पास हातात पडला, ओवाळून झालं, पेढे वाटून झाले, गल्लीला कळलं, की ताई जाणार. तिला नाही म्हणता येत नाही. डिसेंबरपर्यंत तरी राहील तिथं, पास वाया जाईल म्हणून. आमच्यात माणसं अशीच राहतात, पाय सुजेपर्यंत.

काय म्हणालात? हां, कोड. पाठवलात? माझ्याकडेच आहे तिचा मोबाईल, हा बघा, चार्जिंगला लावतो म्हणून आणला. पप्पांचीच आयडिया. दोघांची संमती लागते ना, दाजींनी कालच दिली — त्यांना टाईप करायचं काही वाटत नाही — आणि ताईच्या मोबाईलवर आकडे येतील ते तिला न सांगता तुम्हाला द्यायचे, सरप्राईज आहे म्हणे. घरात मोबाईलचं कळतं ते मलाच, म्हणून हे काम माझ्याकडं. बाकी दोन वर्षांत पप्पांनी मला विश्वासानं सांगितलेलं हे पहिलंच काम, तसं बघितलं तर. काल तर खांद्यावर हात पण ठेवला.

आला. वाजला बघा. सहा आकडे.

सांगू?

नाही, तुम्ही लिहायला घेऊ नका अजून. थांबा एक मिनिट. — ताई. ए ताई. खाली ये जरा. नाही, चहा नकोय. ये तर. ते राहू दे वाळत, कोण पळवतंय या उन्हात स्वेटर.

दादा, तुम्ही उठू नका आता. चार ठिकाणं, एक पास, जसं मला सांगितलं तसंच तिला सांगायचं, जोडीचा नियम सुद्धा, रद्द होत नाही ते सुद्धा, बारीक अक्षरासकट.

ये. हे बर्फाचे दादा. हा तुझा मोबाईल. तुझ्या नावानं कोड आलाय यात, पप्पांनी गुपचूप द्यायला सांगितला होता मला. मी दिलेला नाही. कशाचा ते हे सांगतील. द्यायचा तर तू दे. नसेल द्यायचा — अशी बघू नकोस माझ्याकडं. हो, सांगितलं मी यांना. सगळं. स्वेटरचं पण. मला कळत नाही का, मी फक्त डिप्लोमात नापास आहे.

गेट वाजलं. आले.

या नाना. पाया पडतो. पप्पा, पिशवी द्या इकडं. पेढे आहेत का, बरं, ठेवतो. हो, आलेत हे कधीचे, चहा झालाय त्यांचा. नाही, कोड दिला नाही. ताईच्या हातात आहे. मी काही पढवलं नाही तिला पप्पा, ओरडायचं ते मला नंतर ओरडा, मी कुठं जातोय, इथंच आहे रिकामा. नाना, तुम्ही पण बसा. एकदा तरी उतरून बसा. तिला बोलायचंय काहीतरी.

बोल ताई. मी गप्प बसतो.