न सांगितलेली खोड

आमचं गाव पवनीच्या अलीकडं, वैनगंगेच्या काठावर. बापाची धानाची शेती, माहीही तीच. मी पहिल्यापासून कमी बोलणारा, आणि ते मले बरं पडे, काहून का जो बोलत नाही त्याले कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलं, काय लिहायचं, गुरुजी, म्हणून सांगून राहिलो.

माही बायको पारबता, माहेर कोंढ्याचं. आमच्या एका गाईनं कापणीच्या दिवसांत सातव्या महिन्यात गाभ टाकला. जार, म्हणजे वार, अडकली, ती पारबतानं हात घालून काढली, साऱ्याच बाया काढतात तशी. बोटाले विळ्याची जखम होती, पण कापणीत कोणाच्या बोटाले नसते? मेलेलं वासरू मी परसात पुरलं, तिले म्हणलं, बोलू नको कोणाजवळ, गाईचं नाव खराब होते.

मग ती गाय मी साळ्याले दिली, शालिकले, आणि त्याच्याकडून गोऱ्हा घेतला. आमच्याकडं जनावर हाती देण्याआधी त्याची खोड सांगायची रीत आहे. मी सांगितलं, पान्हा चोरते, दूध आखडून धरते. लहान खोड सांगितली का माणूस मोठी विचारत नाही. पारबता आतून पाहून राहिली होती. रात्री एवढंच म्हणाली, माह्याच भावाले का?

पुढं तिले ताप येऊ लागला. चार दिवस उतरे, पुन्हा चढे, कंबर धरे, डोकं फुटून जाईन म्हणे. कोणी टायफॉइड म्हणे, कोणी बाहेरचं. मी शेजारच्या रखमाबाईवर करणीचा संशय घेतला, तिनं प्रेमानं आणलेली अंबाडीची भाजी उकिरड्यावर टाकली. काय सांगू तुम्हाले, ज्याच्या पोटात पाप असते त्याले दुसऱ्याचंच पोट काळं दिसते. मग एक दिवस पारबताची मान ताठली, ओकाऱ्या सुरू झाल्या, मले ओळखेना. भंडाऱ्याहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, शालिक संगं होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं पाठीतून पाणी काढलं, मेंदूले सूज आहे म्हणाली. मग मले विचारलं, घरी कोण्या जनावरानं गाभ टाकला का, कोणी हातानं जार काढली का, जनावराचा माणसाले लागणारा असाही एक रोग असते. शालिक माह्या खांद्याले खांदा लावून उभा. मले वाटलं ह्यानंच बाईले पढवलं, माही चोरी पकडाले. पारबता बेशुद्ध, सांगणारा मी एकटा.

मी म्हणलं, नाही जी. आमच्याकडं असं काही नाही.

बाईनं कागदावर तसंच लिहिलं. पंधरा-वीस दिवस दुसऱ्याच रोगाची सुई-दवाई चालली. तेवढ्यात त्याच गाईसंगं बांधलेल्या शालिकच्या गाभण म्हशीनं गाभ टाकला. तो मले न भेटता सरळ बाईजवळ गेला आणि सांगून आला. रक्त पुन्हा तपासलं, दवाई बदलली, ताप गेला. पण त्या सूजेनं पारबताचे कान गेले ते गेलेच. बाई म्हणाली, लवकर समजलं असतं तर कान राहिलेही असते.

शालिकनं मले आजवर एका शब्दानं विचारलं नाही. दिवाळीले येते, भाऊजी म्हणते, जेवते, जाते. तो हसला तरी मले वाटे, कायले हसला? भाऊ-बहीण हातवारे करून बोलत असले का मी दारामागं उभा राहो. पारबता साऱ्यांच्या ओठांकडं पाहते, तिले तसंच समजते, पण मले वाटे ही माह्याच ओठांवर पाळत ठेवून राहिली. अशी सहा वर्षं गेली, गुरुजी.

गाईचं तिले माहीत आहे. दवाखान्यात बाईनं मले विचारलं होतं आणि मी नाही म्हणलं, हे तिले माहीत नाही. दोनदा सांगाले बसलो, ती समोर तोंडाकडं पाहत बसली, आणि मी म्हणलं, भात वाढ.

ती चौथी शिकली आहे, मले लिहिता येत नाही. म्हणून तुमच्याकडं आलो. अक्षर मोठं काढा, माहं नाव गाळू नका, आणि ते नाही जी म्हणलेलं जसंच्या तसं लिहा. तिनं वाचलं का मी अंगणात बसून राहीन, ती बोलावीन तेव्हा आत जाईन, नाही बोलावलं तरी तिचं खरं. तुमच्या लेकराबाळांचे कान-डोळे शाबूत राहोत. घ्या, लिहा.