कपाळावरचा डाग

मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर माझं लेकरू मांडीवर निजलं होतं. शेजारी एक सासू आणि तान्ही लेक घेतलेली सून बसची वाट बघत होत्या.

“शेवंता, टोपडं खाली ओढ. पोरीच्या कपाळावरचा पांढरा डाग दिसायलाय.”

“दिसू द्या, आत्याबाई. जन्मताच आणलाय तिनं, चोरून न्हाई.”

“गोंदणारणीकडंच चाललोय न्हवं, तिनं चार ठिपके टोचले की झाकतंय बघ.”

“एवढ्याशा कपाळाला सुई? डॉक्टरीण म्हणली, ह्या डागानं काही होत न्हाई.”

“डॉक्टरीण सोयरीक आणणार हाय का? ऊठ, बस आली.”

“तुम्ही जावा. आम्ही मायलेकी माघारी चाललो.”

“अगं, उद्या हिला बघाय कोण येईल?”

“येईल त्याला आधी कपाळच दाखवीन. तोंड वाकडं केलं, तर चहासुद्धा न पाजता वाटंला लावीन.”