सातवा सदरा

(दुपारचे सव्वाचार. शिवणकामाच्या लहानशा दुकानामागची खोली. कापणीच्या लांब टेबलाशी आई, दुकान तिचंच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वही उघडून बाबा, निवृत्त बसचालक. थोरली मुलगी कामावरून थेट इथे आली आहे.)

थोरली: पण बाबा, विमानाला मधे थांबे नसतात. तुम्ही वहीत चार मांडलेत.

बाबा: एवढा पल्ला एका दमात? मग चालकाने पाय कधी मोकळे करायचे?

थोरली: त्याच्या पायांची काळजी तुम्ही नका करू.

बाबा: बरं, दोन आणि तीन खोडतो. पहिला राहील, घर ते विमानतळ. चौथाही राहील, विमानातून बोटीवर. सकाळी सहा चाळीसला घर सोडायचं. पावणेसात म्हणजे उशीर.

थोरली: विमान अकराला आहे. आणि विमानतळ इथून अर्ध्या तासावर.

बाबा: बत्तीस वर्षं गाडी चालवली, एक दिवस उशिरा सोडली नाही. आता पहिल्यांदा प्रवासी होऊन बसणार, तर काय धावत येऊन दाराला लोंबकळू?

आई: लोंबकळा की. तेवढंच विमानवाल्यांना काहीतरी नवीन बघायला मिळेल. हात वर करा, काखेत काचतोय का बघू.

बाबा: काचत नाही गं, पण हे कापड? निळ्यावर पांढरे मासे, आणि सगळ्यांना एकाच ताग्यातलं. आपण सुट्टीला चाललोय की कुणाच्या वरातीत वाजवायला?

आई: बेटावर हरवलात तर मासे बघून कुणीतरी आणून सोडेल. हलू नका, टाचणी लागेल.

थोरली: घरमालकिणीचं पत्र आलंय, ऐकता का? म्हणते, थंडी सरलीय, परसातली संत्र्याची झाडं फुलावर आलीत. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून झोपता येईल एवढी हवा छान आहे. घर उतारावर आहे, स्वयंपाकघराच्या दारातून चाळीस पायऱ्या उतरल्या की समुद्र.

बाबा: चाळीस? वहीत घेतो. चढताना दर दहा पायऱ्यांवर एक थांबा.

आई: आणि पाणी कसंय? ते लिहिलंय का तिने?

थोरली: गार आहे म्हणते. पण अकरानंतर ऊन तापतं, तेव्हा पोरंटोरं उतरतात. मोठी माणसं काठावर बसून पाय बुडवतात.

आई: मी गुडघ्यापर्यंत तरी जाणार बाई. तीस वर्षं या मशीनसमोर भिंत बघतेय. समुद्र काय तो कॅलेंडरवर पाहिला, आणि त्याच्यावरही तारखा छापलेल्या.

थोरली: गुडघ्यापर्यंत जाऊन भागायचं नाही. तुझी नात शाळेत सांगून बसलीय की माझी आजी पोहणार आहे. स्वतः तर आठवडाभर पोहायची टोपी घालूनच जेवतेय.

आई: तिचा झगा झालाय बघ, तिथे टांगलाय. खिसा लावलाय शंखशिंपले ठेवायला. तुझाही झाला. मोठ्या जावयांच्या सदऱ्याला तेवढी बटणं लावायची राहिलीत.

बाबा: मोठ्या जावयांच्या? म्हणजे धाकटेही कोणी आहेत वाटतं आपल्याला.

आई: तुम्ही वहीत बघा.

थोरली: थांब आई. हा माझा, हा छकुलीचा, हा आमच्या ह्यांचा. बाबांचा त्यांच्या अंगावर. तुझा हा, गळपट्टीवरून ओळखला. मग हा सहावा कुणाचा? नुसते कच्चे टाके घातलेत.

आई: कापड उरलं होतं.

थोरली: खांदा तेरा इंच. आपल्या घरात तेराचा खांदा एकाच माणसाचा आहे.

बाबा: बारकीचा.

आई: मी म्हटलं ना, कापड उरलं होतं.

थोरली: पण तू तर ऐकीव मापावर कात्री चालवत नाहीस.

बाबा: नाही चालवत. त्या बड्या डॉक्टरीणबाईंनी मोलकरणीच्या हाती चिठ्ठीवर मापं पाठवली होती, तर हिने चिठ्ठी परत पाठवली. म्हणाली, चिठ्ठीला कपडे शिवत नाही, अंग घेऊन या. बाई आल्या, निमूट उभ्या राहिल्या.

आई: ऐकीव कुठेय? मापाच्या वहीतलं आहे. तिचं पान आहे अजून.

थोरली: पाच वर्षांपूर्वीचं.

आई: ठाऊक आहे मला. म्हणून तर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच माया सोडलीय. उसवून सैल करता येईल. तू कशी मापं मोजत बसलीस? चहा घे.

थोरली: चहा नंतर. आई, मला एक सांगायचं होतं आणि मी आठ दिवस टाळतेय. मी सात जागा धरून ठेवल्यात. विमानातल्या सात आणि त्या घरातली तिसरी खोलीसुद्धा. प्रवास कंपनीचा माणूस म्हणाला, आज पाचपर्यंत नावं दिली नाहीत तर दोन जागा आणि ती खोली दुसऱ्यांना जाईल.

आई: मला न विचारता?

थोरली: तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. एकदा नाही म्हटलंस की तुझं तुलाच मागे फिरता येत नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि तूही मला न विचारताच झगा कापलास की.

बाबा: मी काही बोलत नाही. मला यात ओढू नका.

थोरली: तुम्ही तर बोलूच नका. वही दाखवा. ही बसायची आकृती. किती चौकोन काढलेत?

बाबा: सात. पण त्यातले दोन मोकळे आहेत. पिशव्या ठेवायला.

थोरली: पिशव्यांना खिडकीजवळची जागा?

बाबा: बारकीला गाडी लागते लहानपणापासून. तिला खिडकीच हवी.

आई: म्हणजे सगळ्यांनी मिळून मला खुळ्यात काढायचं ठरवलंय.

थोरली: कुणी काही ठरवलं नाही गं. जो तो आपापला गुपचूप सातपर्यंत मोजून बसलाय. तिला फोन करायचा तेवढा राहिलाय.

आई: मग कर. तू बोलतेसच तिच्याशी. आणि हेसुद्धा दर रविवारी गच्चीवर जाऊन बोलतात, आणि खाली येऊन म्हणतात, टाकी बघायला गेलो होतो. टाकीशी पाऊण तास कोण हसतं?

थोरली: मी केला होता. ती म्हणाली, आईने स्वतः बोलावलं तर येऊ, दोघंही येऊ. ताईच्या तोंडचा निरोप नको. ती ऐकीव निरोप घेत नाही, आई. हे कुणावरून आलं तूच सांग.

आई: मी काय म्हणून बोलावू? लग्न तिने केलं. शिंपिणीची मुलगी, आणि दुकानातले तयार कपडे घालून उभी राहिली.

थोरली: तू म्हणाली होतीस, तुझ्या लग्नाला माझ्या हाताचा एक टाका लागणार नाही. मग तिने काय करायचं होतं?

आई: म्हणाले रागात. तिने एकदा तरी म्हणायचं, आई, लाव. वाट बघत होते मी. लग्नाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत या मशीनवर दोरा ओवून बसले होते.

थोरली: हे तू कधी बोलली नाहीस.

आई: काय बोलायचं? आणि तो मुलगाही तसाच. नाटकात दिव्यांचं काम. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण पहिल्यांदा आपल्या घरी आला, मुलगी मागायला आला, आणि सदऱ्याचं मधलं बटण नाही. मी एवढी वर्षं लोकांचे कपडे बघतेय. बटण तुटलेला सदरा घालून जो सासरी येतो, त्याला समोरच्या माणसांची किंमत नसते. त्याच क्षणी माझं मन उठलं. अहो, तुम्ही का उभे राहिलात?

बाबा: काही नाही. पाणी हवंय का कुणाला?

आई: बसा खाली. टाचण्या लावल्यात पाठीला.

बाबा: बसून सांगता येणार नाही. त्या बटणाचं जरा वेगळं आहे.

थोरली: काय वेगळं?

बाबा: तो आला तेव्हा मी अंगणात सायकल उलटी करून साखळी बसवत होतो. तो वेळेच्या आधी पंधरा मिनिटं आला होता, हे मला तेव्हाच आवडलं. म्हणाला, काका, मी धरतो. त्याने सायकल उचलून सरळ केली आणि मी हँडल फिरवलं ते थेट त्याच्या सदऱ्यात. बटण गेलं. दोघांनी शोधलं, मिळालं नाही. मी म्हटलं, जा आत, कुणाच्या लक्षात येणार नाही.

आई: माझ्या लक्षात येणार नाही?

बाबा: तेच चुकलं. संध्याकाळी अंगण झाडताना सापडलं. मी आत येऊन सांगणार होतो, तर तू बारकीवर कडाडत होतीस. म्हटलं, जरा शांत झाली की सांगू. दुसऱ्या दिवशी बारकी बॅग घेऊन निघून गेली. मग महिना गेला. मग मला वाटलं, आता सांगितलं तर तू म्हणशील, इतके दिवस का नाही सांगितलं. आणि जसजसे दिवस जात गेले तसतसं ते जास्तच खरं होत गेलं.

आई: पाच वर्षं.

बाबा: हो.

आई: पाच वर्षं मी एका बटणावरून माणसाला तोलतेय, आणि ते तुम्ही तोडलंय.

बाबा: हँडलने तोडलं. पण हो, मीच.

थोरली: आई, त्याने तरी तेव्हा का नाही सांगितलं?

आई: सासऱ्याने तोडलं असं तोंडावर कसं सांगेल? निमूट ऐकून घेतलं त्याने. मी सरबताचा पेला त्याच्यासमोर आपटून ठेवला होता, तरी थँक्यू म्हणाला. किती वाजले?

थोरली: चार चाळीस.

आई: लाव फोन. आणि आवाज मोठा ठेव, मला या यंत्रात नीट ऐकू येत नाही.

बारकी: (फोनवरून) हॅलो ताई, दोन मिनिटांत करते, हातात काम आहे.

आई: ताई नाहीये.

बारकी: आई?

आई: खांदा किती आहे आता तुझा?

बारकी: काय?

आई: खांदा. तेराच आहे की वाढलाय?

बारकी: माहीत नाही. साडेतेरा असेल. इतक्या वर्षांत कुणी मापच घेतलं नाही. आई, बरी आहेस ना? बाबा ठीक आहेत?

आई: ठीक आहेत. त्यांच्याकडे नंतर बघते. तिकडे थंडी आहे का अजून?

बारकी: आहे. स्वेटर घालूनच बसलेय.

आई: बेटावर नाहीये. ऊन पडतं. झगा बिनबाह्यांचा ठेवलाय तुझा. समुद्र घरापासून चाळीस पायऱ्यांवर आहे, आणि संत्री फुलली आहेत परसात.

बारकी: आई, तू मला बोलावतेयस का?

आई: मग काय कापड फुकट घालवतेय?

बारकी: तसं नको. नीट सांग. मी खूप दिवस वाट बघितलीय.

आई: ये. आमच्याबरोबर बेटावर ये. त्यालाही घेऊन ये. माझं चुकलं, बारके. त्याच्या बाबतीत तर फारच चुकलं, ते त्याला मी समोर सांगेन. तू लांब गेलीस तेव्हापासून माझं कशात धड मन नाही. ऐकतेयस ना?

बारकी: ऐकतेय. सगळं ऐकतेय, आई.

बाबा: बारके, तुला खिडकीची जागा धरलीय.

बारकी: बाबा, तुम्ही पण आहात? ताई, आमची दोघांची नावं देऊन टाक. आत्ता दे. सुट्टी मी कशीही मिळवते, नाही दिली तर भांडते. आई, त्याचं माप सांगू का? मी टेपने घेऊन सांगते, छाती, बाही, सगळं.

आई: अजिबात नाही. तुला टेप कुठे धरायची ते तरी ठाऊक आहे का? त्याला तिथे उभा कर माझ्यासमोर. मी घेईन त्याचं माप, आणि तिथेच शिवेन.

बारकी: बेटावर? कशावर शिवणार?

आई: ते मी बघते. ठेव आता, तुझ्या ताईला नावं द्यायचीत. आणि बारके, पोटभर जेवून घेत जा. झग्याला माया भरपूर आहे.

थोरली: झालं बाई. कळवली नावं. चार पंचावन्न, बाबा, वेळेत सुटलो. आई, तू खरंच मशीन नेणार आहेस?

आई: हातमशीन. छोटं. अहो, वजनाचं कसं आहे?

बाबा: मशीन अकरा किलो. काल तोलून ठेवलंय, काट्यावर.

आई: काल कशाला?

बाबा: असंच. पाच जणांच्या सामानात बसत नव्हतं. सात जणांच्यात बसतं. माझे जादाचे बूट काढले की कात्रीही बसेल, पण ती खालच्या पेटीत, हातात नाही.

थोरली: आणि कापड? सातव्या सदऱ्याला उरलंय का?

आई: अडीच मीटर आहे. बाजूला काढलं होतं.

बाबा: कधी?

आई: तागा आणला त्याच दिवशी. आता तुम्ही मला हसू नका, तुमचा हिशोब अजून व्हायचाय. ते बटण कुठे आहे?

बाबा: इथेच. माझ्या जुन्या बॅजच्या डबीत.

आई: आणा. सदऱ्याला मधलं तेच लावते.

बाबा: ते तपकिरी आहे गं. बाकीची सगळी पांढरी. वेगळं दिसेल.

आई: दिसू दे.