हमाली वाढली तर साड्या कोण घेतं?

लातूर-उदगीर एसटीत मंजुषानं बारावीचं अर्थशास्त्र उघडलं होतं. नळेगावला उतरेपर्यंत ‘मागणी’चा धडा संपवायचाच, असं तिनं ठरवलं होतं! पण पुढच्या सीटवर अडत दुकानदार ईश्वरप्पा आणि त्यांची बायको उमाबाई यांची जुंपली, आणि धडा राहिला बाजूला.

“हमाल लोक हमाली वाढवून मागायलेत. आज संध्याकाळी अडतवाल्यांच्या बैठकीत मी विरोधात हात वर करणार.”

“करा की. मग मी माझं साडीचं दुकान बंद करू का?”

“तुझ्या दुकानाचा काय संबंध?”

“मागं हमाली वाढली, तवा दिवाळीला माझ्याकडं कोण आलतं? तुमचे अडतवाले?”

“कोण आलतं?”

“हमालांच्या बायका! साड्या काढून देता देता तुमचीच कंबर धरली की. विसरलात?”

“ती अजून दुखती.”

“शेठ लोकांच्या बायका साड्या घ्यायला हैदराबादला जातात. ह्या बाया आपल्याच बाजारात येतात.”

“म्हंजे मी द्यायचं अन् तू घ्यायचं?”

“हाव. अन् किराणावाल्यानं, चप्पलवाल्यानंबी घ्यायचं.”

ईश्वरप्पांचा फोन वाजला. बाजारातल्याच दुसऱ्या अडतवाल्याचा होता.

“बोला वैजनाथराव. येतो ना बैठकीला. पण हात मी वाढीच्या बाजूनं वर करणार... का म्हंजे? तुमच्या पोराचं चप्पलचं दुकान कोणाच्या पायावर चालतंय, ते इचारा त्याला!”

मंजुषाला हसू आवरेना. उमाबाई मागं वळल्या.

“लई हसायलीस गं पोरी. कुठं उतरायचंय?”

“नळेगावला, मावशी. ते मघाशीच गेलं!”